आवाज द्यावा, पण वळणाआधी

(मुलुंडमध्ये डोंगरवाटांवर भटकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बोलायला लागण्याआधी मी ही घंटा वाजवतो. पितळेची आहे, लिंबाएवढी. पाठीवरच्या सॅकला अडकवायला म्हणून अशा घंटा हल्ली मिळतात. शेवटच्या रांगेत ज्यांना ऐकू आली त्यांनी हात वर करा. तीन हात. आता कुणीतरी पंखे बंद करता का? धन्यवाद. पुन्हा वाजवतो. आता बघा, जवळजवळ सगळ्यांचे हात वर आहेत.

इथे पंख्यांच्या घरघरीनं जे झालं, तेच ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवर जुलैमध्ये ओढा करतो. बारीक घंटेचा आवाज उंच पट्टीतला असतो. असा आवाज लांब जात नाही, ओल्या पानोळ्यात जिरतो, वाहत्या पाण्याखाली तर बुडूनच जातो. आपल्या कानाशी मात्र तो सतत किणकिणत असतो, आणि त्यामुळे आपली समजूत होते की साऱ्या रानाला आपली वर्दी पोचली.

माझीही तशीच समजूत होती. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही नऊ जण येऊरच्या बाजूला एका ओढ्याच्या काठानं वर चाललो होतो. पुढे मी, माझ्या सॅकला ही घंटा. एका खडकाला वळसा घातला आणि समोर दहा-बारा पावलांवर भेकर, म्हणजे लहानसं रानातलं हरीण, पाणी पीत होतं. त्याला घंटा ऐकू आली नव्हती, पाण्यानं येऊ दिली नव्हती. आम्हाला बघताच त्यानं उडी मारली, शेवाळलेल्या कातळावर मागचे पाय सटकले, ते आपटलं, उठलं आणि एक पाय ओढत झाडीत गेलं. ज्या रानात बिबट्या राहतो तिथे लंगड्या भेकराचं काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही: वाटेवर आवाज द्यायचा तो कुणाला, कुठे आणि कशाचा?

आपल्या दारातल्या रानाचीच गोष्ट घेऊ. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. एका बाजूला बोरिवली-कांदिवली, दुसरीकडे आपलं मुलुंड-भांडुप, वर ठाणं, आणि मधे विहार आणि तुळशी तलाव. २०१५ साली कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत इथे ३५ बिबटे नोंदले गेले, २०१८ मध्ये ४७. एवढ्या दाटीत राहणारी ही जनावरं रोज रात्री माणसांच्या अंगणाजवळून जातात आणि बहुतेक वेळा कुणाला पत्ता लागत नाही. का? कारण आपली चाहूल त्यांना फार आधी लागते. आपण ऐकतो ते वीस हजार हर्ट्झपर्यंत. घरातली मांजर पंच्याऐंशी हजारांच्या आसपास ऐकते. बिबट्या त्याच कुळातला. जागा असलेला बिबट्या तुमच्या बुटांखालची पानं ऐकतोच, त्याला घंटेची गरज नाही. अडचण येते ती तो झोपलेला असतो, भक्ष्यावर असतो, पिल्लांजवळ असतो किंवा पाणी-वाऱ्यानं आवाज झाकलेला असतो तेव्हा. म्हणजे नेमकी तिथेच, जिथे ही लहान घंटा सगळ्यात कमी कामाची.

आणखी एक गोष्ट. बिबट्याच्या कानावर पडणारा घंटेचा आवाज फक्त माणसाचा असतो का? उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत तबेले आहेत. शेळीच्या गळ्यात घंटा असते. घरातल्या कुत्र्याच्या पट्ट्याला घुंगरू असतं. या शहरात किणकिण म्हणजे माणूस असं ठरलेलं नाही. माणसाचं बोलणं मात्र दुसऱ्या कशाचं वाटत नाही.

आरेतल्या एका पाड्यावरच्या वारली मावशींना मी ही घंटा दाखवली होती. त्यांनी ती हातात घेतली, वाजवली आणि विचारलं, "बोलता येत नाही का तुम्हाला?" मग सांगितलं ते असं: तिन्हीसांजेला पाण्याला किंवा परसाकडे जायचं तर दोघी-तिघींनी जायचं, गप्पा मारत जायचं, काठी आपटायची, झुडपाजवळ आलं की खाकरायचं. पोरांना मधे घ्यायचं. अंधारात एकटं खाली वाकून बसायचं नाही, कारण वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही. वाघोबाला नारळ ठेवणारी ही माणसं. वाघोबाला हाकलून द्यायचं त्यांच्या डोक्यात येत नाही. आपण येतोय हे त्याला कळावं, म्हणजे तो आपली वाट धरेल, इतकंच. वनखातं रानालगतच्या वस्त्यांना सांगतं तेही याच्याशी जुळतं: एकटं जाऊ नका, टॉर्च घ्या, मोठ्यानं बोला, नाहीतर मोबाइलवर गाणी लावा, घराजवळ कचरा साचू देऊ नका, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अडीअडचणीला वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी आहे, ती फोनमध्ये ठेवा.

आता कुणी म्हणेल, घंटा काय आजची आहे? गुरांच्या गळ्यात ती पूर्वापार आहे. खरं आहे. पण ती गुराख्यासाठी आहे. धुक्यात, कारवीच्या दाट झुडपांत गाय दिसत नाही, तेव्हा नुसत्या आवाजावरून गुराखी सांगतो की ढवळी खालच्या अंगाला आहे आणि तांबडी मागे राहिली. घंटा बांधलेली गुरंही बिबट्या नेतो, हे कुठल्याही डोंगरातल्या गुराख्याला विचारा.

टपालाच्या हरकाऱ्याचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. रेल्वे आणि मोटारी नव्हत्या तेव्हा पत्रांची थैली खांद्यावर घेऊन टप्प्याटप्प्यानं धावणारी ही माणसं. हातात भाला नाहीतर काठी, तिला घुंगरं. पाऊल पडेल तसा तालात झण् झण् आवाज. तो ऐकून वाटेवरचे लोक बाजूला होत आणि पुढच्या टप्प्यावरचा गडी कंबर कसून उभा राहत असे. पण जिथे वाघांचं भय होतं तिथे रात्री हरकाऱ्याबरोबर मशालजी आणि डुगडुगी वाजवणाराही धाडत. ज्यांचा जीव रोज या आवाजावर होता, त्यांनी एकट्या घुंगरांवर भरवसा ठेवला नव्हता. त्यांना उजेड हवा होता, मोठा आवाज हवा होता आणि सोबत माणूस हवा होता.

घंटा सॅकला लावायची ही रीत मुळात उत्तर अमेरिकेतली, तिथल्या अस्वलांसाठीची. अलास्कातल्या कॅटमाई उद्यानात एका शास्त्रज्ञानं अस्वलांच्या वाटेजवळ लपून घंटा वाजवून पाहिल्या. अस्वलं समोरून गेली, त्यांनी मानही वळवली नाही. मग त्यानं एक पेन्सिल कडकन मोडली, तर अस्वलांनी वळून पाहिलं. मला हा प्रयोग फार बोलका वाटतो. काटकी मोडली याचा अस्वलाच्या जगात काही अर्थ आहे, कुणीतरी वजनदार जवळ आलंय. घंटेला तिथे अर्थ नाही, तो पाखराचाही आवाज असू शकतो. म्हणूनच अमेरिका-कॅनडातली उद्यानं आता प्रवाशांना घंटेवर विसंबू नका, बोला, टाळ्या वाजवा असं सांगतात.

आपल्याकडे अस्वल मुंबईच्या रानात नाही. पण तुमच्यातले बरेच जण मेळघाटात जातात, कोयनेच्या खोऱ्यात जातात. तिथे मात्र आवाजाची बाब जिवाची आहे. आपलं अस्वल वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढत असतं तेव्हा स्वतःच इतका आवाज करतं की त्याला बाहेरचं फारसं कळत नाही. नजरही अधू. माणूस अंगावर आल्यासारखा वाटला की ते पळण्याआधी हल्ला करतं. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे मोहफुलं वेचायला गेलेली माणसं याच कारणानं जखमी होतात. अशा मुलखात स्थानिक वाटाड्या असल्याशिवाय जाऊ नका, आणि दाट जागी शिरण्याआधी, शिरल्यावर नव्हे, मोठ्यानं बोला. गव्यालाही हेच लागू. दुरून चाहूल लागली तर तो मान वर करून पाहतो आणि सरकतो. दहा पावलांवर अवचित भेट झाली तर काय करेल याचा नेम नाही.

सापाला घंटा ऐकवण्यात अर्थ नाही. त्याला बाहेरचा कान नसतो, जमिनीतली थरथर त्याला जबड्यातून कळते. पाय दाबून टाका, काठी टेकत चला, काठीनं पुढचं गवत हलवा. पण फुरसं हे लहानसं जनावर सहसा जागचं हलत नाही. वेटोळं करून अंगावरचे खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा खर्र खर्र आवाज येतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार सोडते. ही त्यांची घंटा आहे, आपल्यासाठी वाजवलेली. आपल्याच सॅकची किणकिण कानात असेल तर ती ऐकू येणार कशी? रानातला प्रत्येक इशारा असाच असतो. वानर खॉक खॉक करून ओरडतं, चितळ शिट्टीसारखी हाक देतं, भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, सातभाई एकदम कलकलाट करतात. बिबट्या उठून चालू लागल्याची बातमी तुम्हाला हेच देणार आहेत. सतत वाजणारी घंटा मला नको वाटते ती यासाठी. गाण्याचे स्पीकर घेऊन गडावर चढणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे, तोही यासाठीच.

आणि जिथे कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं दिसतं तिथे आवाज अजिबात नको. धूर नको, अत्तर नको, हाका नकोत. गुपचूप, लवकर निघून जा.

आता माणसांकडे येतो, कारण आपल्या वाटांवर धक्का बसतो तो बहुधा माणसाचा माणसाला. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या रस्त्यावर पहाटे चालणारी वयस्क मंडळी असतात आणि उतारावर सायकली सुसाट येतात. इथे घंटा हवीच. सायकलच्या घंटेचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. कळ दाबली की आतले दातेरी चाक फिरतं, त्यावरचे सुटे तुकडे वेगानं बाहेर फेकले जाऊन टोपीवर आपटतात आणि ट्रिंग होतं. मात्र ती वाजवायची केव्हा? मी एकदा एका आजींच्या अगदी मागे, पाच-सहा हातांवर पोचल्यावर वाजवली. त्या दचकल्या आणि नेमक्या माझ्याच बाजूला वळल्या. मी सायकल गटारात घातली म्हणून त्या वाचल्या. चूक पूर्ण माझी होती. घंटा तीस-चाळीस पावलं आधी वाजवायची, मग वेग कमी करायचा, आणि जवळ आल्यावर तोंडानं सांगायचं, "आजी, उजवीकडून जातोय." घंटा फक्त कुणीतरी आहे एवढंच सांगते. कुठून, किती जण, थांबू की जाऊ, हे तिला सांगता येत नाही.

कातळावर तर हे फारच खरं. वरून दगड सुटला तर "दगड!" एवढा एकच शब्द, पूर्ण आवाजात. खालचा माणूस वर न बघता भिंतीला चिकटतो. धुक्यात चुकलात तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. ऐकणाऱ्यानं मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचं. पुष्कळ देशांतल्या डोंगरांत हाच संकेत आहे. सॅकच्या पट्ट्याच्या बकलात पुष्कळदा शिट्टी बसवलेलीच असते, घरी गेल्यावर बघा.

मी ही घंटा टाकून दिलेली नाही. तिच्या लोलकाला आता हा फडक्याचा तुकडा गुंडाळलेला असतो. वाट उघडी असेल, लांबवर दिसत असेल तर घंटा मुकी. पुढे आंधळं वळण आलं, कारवीचं रान आलं की फडकं काढतो, हातात धरून जोरात वाजवतो आणि बरोबर हाक देतो, "येतोय हो!" मग दहा आकडे मोजेपर्यंत सगळे जागच्या जागी उभे. सगळ्यात महत्त्वाचे ते दहा आकडे. समोरच्याला निघून जायला तेवढा वेळ लागतो. ओढा जवळ असेल तर मी वीस मोजतो.

गेल्या पावसाळ्यात त्याच ओढ्याच्या त्याच खडकापाशी आम्ही असेच थांबलो होतो. हाक दिली, मोजायला लागलो. चौदापर्यंत आलो असेन. पलीकडे पानं हलली आणि एक भेकर दोनदा भुंकून, घाई न करता, चारही पायांवर नीट चालत वर झाडीत गेलं. एकविसाव्या आकड्याला आम्ही वळण ओलांडलं. वाळूत त्याचे ताजे खूर होते, त्यांत पाणी भरत होतं.