किमोची गोळी घरी आली, आता पुढे?

नमस्कार. मी फार्मासिस्ट आहे. परळला औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहून अठरा वर्षं झाली. कर्करोगाचं टाटा हॉस्पिटल इथून चालत पाच मिनिटांवर आहे, त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाच्या हातात ती मोठी फाइल असते.

गेल्या जुलैत भर पावसात एक तरुण आला. शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली स्ट्रिप काढली. म्हणाला, "ताई, ह्याची पावडर मिळते का? बाबांना गिळवत नाही. बायको खलबत्त्यात कुटून देते." मी विचारलं, घरात कोण कोण असतं? "आम्ही तिघंच. तिला पाचवा महिना चालू आहे."

(स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर)

ती ही गोळी. कॅपेसिटाबिन. आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगात बरीच वापरतात. दिसायला तापाच्या गोळीसारखी, म्हणून लोकांना वाटतं की सलाइनमधून देतात ती खरी किमो आणि ही आपली हलकी. असं मनात अजिबात धरू नका. ही पोटातून जाते एवढाच फरक. भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणं हेच तिचं काम. गाठीतल्या पेशी भराभर वाढतात, तशाच तोंडाच्या आतल्या अस्तराच्या, आतड्याच्या, हाडांतल्या मगजातल्या पेशीही वाढतात. आणि पोटातलं बाळ तर पूर्णच भराभर वाढणाऱ्या पेशींचं. खलबत्त्यातून उडणारी ती धूळ त्या मुलीच्या श्वासात जात होती.

म्हणून किमोची गोळी कुटायची नाही, तोडायची नाही. देणाऱ्याने हातमोजे घालावेत किंवा स्ट्रिपमधून थेट झाकणात पाडून द्यावी, मग हात धुवावेत. गरोदर बाईने हात लावू नये. गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, त्यांच्याकडे दुसरे मार्ग असतात. त्या तरुणाला मी तिथूनच वॉर्डात फोन लावायला लावला.

आता रोजचा प्रश्न, जेवणाआधी की जेवणानंतर? ह्याचं एक उत्तर नाही. कॅपेसिटाबिन जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, साध्या पाण्याबरोबर. ल्युकेमियाच्या एका प्रकारात देतात ती इमॅटिनिब जेवणासोबत, मोठा पेलाभर पाणी पिऊन. आणि प्रोस्टेटसाठीची ॲबिराटेरोन रिकाम्या पोटी, कारण जेवणावर घेतली तर ती रक्तात कितीतरी पटीने चढते. शेजारच्या काकांना काय सांगितलं होतं ते आपल्याला लागू नाही. सकाळची गोळी राहिली तर रात्री दोन घेऊ नका. आणि रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर कॅपेसिटाबिन सुरू व्हायच्या आधी ओरडून सांगा, दोन्ही एकत्र आल्या की रक्तस्राव होऊ शकतो.

(थर्मामीटर हातात)

आता हे. किमो चालू असलेल्या प्रत्येक घरात हे हवं. बहुतेक किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल एरवी दीड हजाराच्या वर असतात. त्या पाचशेच्या खाली गेल्या की शरीरापाशी लढायला माणसंच उरत नाहीत. मग पू होत नाही, लाली येत नाही, खोकलासुद्धा कधी येत नाही. दिसतो तो फक्त ताप.

आणि मुंबईत पावसाळ्यात ताप कोणाला नसतो? "भिजले असतील", "व्हायरल असेल", असं म्हणून घरातलेच पॅरासिटामॉल देतात. ताप उतरतो, सगळे झोपतात, आणि जंतुसंसर्ग रात्रभर रक्तात वाढत राहतो. मी अशी सकाळ पाहिली आहे. आमच्याच बिल्डिंगमधल्या मावशी होत्या. रात्री दहाला 101 होता, गोळीने उतरला, पहाटे बीपी लागेना. वाचल्या, पण अकरा दिवस आयसीयूत काढून.

100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला की लगेच हॉस्पिटलला फोन आणि निघायचं. आधी गोळी नाही, "सकाळी बघू" नाही. गेल्या गेल्या "किमो चालू आहे आणि ताप आहे" हे पहिलं वाक्य म्हणा, रांगेत बसून राहू नका. तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. तुम्ही विरारला नाहीतर बदलापूरला राहत असाल आणि हिंदमाताला पाणी भरलं असेल, तर परळ गाठण्याचा हट्ट नको. घराजवळचं कुठलं हॉस्पिटल असा पेशंट घेईल, ते पहिल्या किमोच्या आधीच विचारून ठेवा. फाइलचे फोटो मोबाइलमध्ये हवेतच.

(सदाफुलीची कुंडी)

हिच्याबद्दल खूप विचारतात. "ताई, किमो सदाफुलीपासूनच बनते ना, मग पानं चावली तर?" हो, व्हिंक्रिस्टिन हे किमोचं औषध हिच्यातूनच आलं, मुलांच्या ल्युकेमियात आजही देतात. 1950 च्या दशकात कॅनडातले शास्त्रज्ञ मधुमेहासाठी सदाफुली तपासत होते. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, आणि त्यातून पुढची औषधं निघाली. म्हणजे बघा, किमोने पेशी आधीच खाली गेलेल्या असताना तुम्ही घरी काय चावताय. औषध डॉक्टर मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेत देतात. पानात किती आहे हे कुंडी सांगत नाही.

गुळवेलीचंही तसंच. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. किमोची बरीच औषधं यकृतातूनच जातात. आमटीतली हळद खुशाल खा, कॅप्सूलमधली हळद विचारल्याशिवाय नको. आणि गणपतीत घरी पपनस येतं, ते ग्रेपफ्रूटच्याच कुळातलं. इमॅटिनिबसारख्या काही औषधांची पातळी ग्रेपफ्रूटने रक्तात वाढू शकते, म्हणून पेशंटने पपनसाची फोडसुद्धा विचारूनच खावी. घरगुती काही घेत असाल तर डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, हात जोडून सांगते.

पैशांचं थोडक्यात. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने इमॅटिनिबच्या एका नव्या रूपाला पेटंट नाकारलं, म्हणून ती आपल्याकडे इतक्या कंपन्या बनवतात. 2019 मध्ये सरकारने कर्करोगाच्या 42 औषधांवरच्या नफ्याला 30 टक्क्यांची मर्यादा घातली. तेव्हा ब्रँड बदलून स्वस्त मिळेल का हे विचारायला लाजू नका, फक्त बदल डॉक्टरांना सांगून करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपलं बसतं का, ते उपचार सुरू व्हायच्या आधी विचारा.

शेवटचा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. माणूस गेलेला असतो, आणि मुलगा नाहीतर सून उरलेल्या स्ट्रिपा घेऊन येते. "कुणा गरिबाला द्या ना." मला नाही म्हणावं लागतं. हा डोस त्या एकाच माणसाच्या उंचीवर, वजनावर, किडनीच्या रिपोर्टवर काढलेला असतो. संडासात टाकू नका, ओल्या कचऱ्यातही नको. जिथे उपचार झाले तिथल्या फार्मसीत नेऊन विचारा. गेल्या महिन्यात एक बाई आल्या होत्या, स्ट्रिपेवर नवऱ्याने पेनाने वार लिहिले होते, सोमवार ते रविवार. गुरुवारपर्यंतच्या गोळ्या संपल्या होत्या. आम्ही दोघी सोबत हॉस्पिटलात चालत गेलो.