आपण आणि आम्ही : पॅराग्वे व बोलिव्हिया

मंडळी, पत्रिकेवर ‘दोन शेजारी, दोन वाटा’ असा विषय छापलाय. तिकडे जाणारच आहे, पण आधी पॅराग्वेतल्या ग्वारानी भाषेतले दोन शब्द ऐका : न्यांदे आणि ओरे. स्पॅनिशमध्ये दोन्हींना ‘नोसोत्रोस’, हिंदीत ‘हम’. तुम्हाला मात्र शिकवावं लागणार नाही. न्यांदे म्हणजे आपण, ओरे म्हणजे आम्ही. ‘आपण जेवायला बसू’ म्हटलं की पाहुण्याचं पान मांडलं जातं; ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटलं की पाहुण्याने चपला शोधायच्या. (हशा) 

मी जिथे स्पॅनिश शिकलो, त्या वर्गात ग्वारानीची ओळख ‘खेड्यातली बोली’ एवढ्यावर आटोपली होती. ते मला अजून खुपतं. अहो, १६४० साली माद्रिदला या ‘बोली’चं व्याकरण छापलं गेलं, रुइस दे मोंतोया या जेझुइट पाद्र्याचं. त्याच वर्षी आपल्याकडे गोव्यात, रायतूरला, फादर स्टीफन्सचं कोकणी व्याकरण छापून झालं. दोन्ही जेझुइटच! हा योग मला सापडला त्या रात्री झोप लागली नाही.

आणि या दोन देशांमधलं, चाको नावाच्या प्रदेशासाठीचं युद्ध घ्या, १९३२ ते १९३५. काटेरी झुडपांचं रान, पाण्याचा पत्ता नाही, तेल सापडेल ही आशा. बोलिव्हियाचे कित्येक सैनिक उंच थंड पठारावरून आलेले, आयमारा-केचुआ बोलणारे. त्यांचे अधिकारी हुकूम सोडणार स्पॅनिशमध्ये. पॅराग्वेच्या फौजेत निरोपसुद्धा ग्वारानीतून जात. गोळीपेक्षा तहानेने मेलेल्यांच्या हकिकती वाचताना मला पुढे वाचवत नाही. दोन्ही देश गरीब, आणि मेले ते लाखाच्या घरात. युद्ध पॅराग्वेने जिंकलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. मग मूळ मुद्दा भरभर सांगतो : पॅराग्वेत ग्वारानी सगळ्यांची झाली, बोलिव्हियात आयमारा-केचुआचं तसं का झालं नाही?

आयमारा-केचुआतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळेच आहेत, तेव्हा फरक व्याकरणाचा नाही. फरक चांदीचा आहे. १५४५ मध्ये आजच्या बोलिव्हियात पोतोसीची चांदी सापडली, खाणींत वेठबिगारी आली, आणि केचुआ-आयमारा म्हणजे राबणाऱ्याची भाषा असा शिक्का बसला. वाचता-लिहिता न येणाऱ्याला १९५२ च्या क्रांतीपर्यंत मतही नव्हतं.

पॅराग्वेत सोनं नाही, चांदी नाही. आलेले स्पॅनिश थोडे, घरातल्या बायका ग्वारानी. सगळ्याच काही राजीखुशीने आल्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. पण मुलं आईची भाषा बोलली, आणि पुढे मालकाचा मुलगाही तीच बोलू लागला. १९९२ च्या संविधानाने तिला स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा केलं. बोलिव्हियाने २००९ मध्ये स्पॅनिशसोबत छत्तीस भाषांना तो मान दिला. पण मूलनिवासी नसलेल्या घरांतही रोज बोलली जाते अशी ग्वारानीसारखी भाषा तिथे नाही.

समुद्राचं राहिलं. बोलिव्हियाने चिलीशी झालेल्या युद्धात गमावलेला किनारा, तितिकाका सरोवरावरचं आरमार... प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारा, मला ते सांगायचंच आहे.