पोर अचानक आडवं आलं

शाळा सुटलीये. गेटसमोर वडापावची गाडी, त्याला लागून दोन रिक्षा, आणि त्या रिक्षांच्या मधनं निघणारी ही पोरं बघा, दप्तर पाठीवर, इकडं-तिकडं न बघता थेट रस्त्यात. पोरं अशीच वागणार. कोर्टही हेच धरून चालतं, सात-आठ वर्षांच्या पोराच्या माथी सहसा चूक मारत नाहीत, शाळा दिसली की स्पीड कमी करायचा ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याने.

तरी अपघात झाला की पोलीस स्टेशनला ड्रायव्हरचा जबाब ठरलेला, "साहेब, पोर अचानक आडवं आलं."

आता हा टेप. एक टोक हवालदाराच्या बुटाखाली, दुसरं ब्रेकचा काळा पट्टा संपतो तिथं. हा घटनास्थळ पंचनामा. रस्ता किती रुंद, पट्टा कुठनं सुरू, चप्पल कुठं पडली, सगळं दोन पंचांसमोर लिहायचं. एवढा खटाटोप कशाला, तर 50 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते, पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढा रस्ता संपला, पट्टा त्याच्या पुढं सुरू होतो. लांब पट्टा निघाला की "हळू चालवत होतो" म्हणायची सोय राहत नाही. आणि एक जोरदार पाऊस आला की पट्टा गेला, म्हणून हे त्याच दिवशी मोजायला हवं. बऱ्याचदा मोजत नाहीत, हेच तर दुखणंय.

2022 पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला रिपोर्ट 48 तासांत आणि सविस्तर रिपोर्ट 90 दिवसांत अपघात भरपाईचे दावे बघणाऱ्या न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यात हा पंचनामा, आरटीओच्या इन्स्पेक्टरने ब्रेक तपासले त्याचा कागद, लायसन, पॉलिसी. दाव्याच्या फाइलवर मुलाचं नाव आणि त्याखाली अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून आईचं, कारण अज्ञान म्हणजे 18 च्या खालच्या मुलाला स्वतः दावा लावता येत नाही.

फौजदारी केस वेगळी चालते, भारतीय न्याय संहितेचं कलम 281, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं, मूल दगावलं तर 106, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. ड्रायव्हर तिथनं सुटला तरी भरपाईचा दावा बुडत नाही, इथं पुराव्याची पट्टी तेवढी कडक नसते.

कायमचं अपंगत्व आलं तर 2013 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात टप्पे आहेत, 10 टक्क्यांपर्यंत 1 लाख ते 90 च्या वर 6 लाख, औषधपाण्याचा खर्च वेगळा, आणि अलीकडे काही केसेसमध्ये किमान वेतन धरून यापेक्षा बरीच जास्त रक्कम दिलीये. पैसे बहुतेक वेळा 18 पूर्ण होईपर्यंत एफडीत. पॉलिसी संपलेली असली तर गाडीमालकाच्या खिशातनं.