गेम अडकतो तेव्हा डिस्क काय करत असते

मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं रत्नागिरीत आपापल्या घरी आली की माझ्या टेबलावर संगणक जमू लागतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ‘काका, गेम मध्येच अडकतो. ग्राफिक्स कार्ड बदलू का?’ मी म्हणतो, पैसे खिशातच राहू दे. आधी गेम चालू कर आणि अडकतो त्या क्षणी डब्याला कान लाव. आतून कर्र-कर्र आवाज येत असेल, तर ग्राफिक्स कार्डाचा विचार नंतर करू.

गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवतो असं धरा. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद आले. तुम्ही नकाशात पुढे धावता तशी पुढची झाडं, भिंती, आवाज डिस्कवरून येत राहतात. जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. त्याआधी हेडला त्या पट्टीपर्यंत सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद लागलेले असतात. एक तुकडा उचलायला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ एका चित्राचा पूर्ण वेळ! तीच फाइल पन्नास ठिकाणी विखुरली असेल, तर अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ नुसत्या धावपळीत जातो. तोच तुम्हाला बसणारा झटका.

आपल्याकडचा पोस्टमन डोळ्यांसमोर आणा. दहा पत्रं एकाच वाडीतली असली तर काम पटकन उरकतं. पण एक खालच्या वाडीत, दुसरं पाखाडी चढून वरच्या वाडीत, तिसरं पुन्हा खाली वहाळापलीकडे असलं, तर पत्रं तेवढीच राहतात, दिवस मात्र चालण्यात जातो. डिस्क काठोकाठ भरली की मोकळी जागा अशीच तुकड्यातुकड्यांत उरते. त्यात गेमचं मोठं अपडेट आलं की ते मिळेल त्या फटीत जाऊन बसतं. म्हणून पंधरा-वीस टक्के जागा रिकामी ठेवा, असं मी सगळ्यांनाच सांगतो.

पण अंदाजावर जाऊ नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. झटका बसतो तेव्हा डिस्क शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत, असं दिसलं तर वाट बरोबर आहे. मात्र शेजारी मेमरीचा, म्हणजे रॅमचा, आकडाही बघा. रॅम भरली की विंडोज डिस्कलाच रॅमसारखं वापरतं. तेव्हा दोष दिसतो डिस्कमध्ये आणि औषध लागतं रॅमचं.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजायला लावली आहे, तीही दुसऱ्याला. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचा संगणक आला. गेम अडकतोय म्हणून मी सरळ डीफ्रॅग, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र जुळवण्याचं काम, लावलं आणि जेवायला गेलो. परत आलो तेव्हा डिस्क टक-टक करत होती. ती आधीच मरणपंथाला लागलेली, आणि मी तिला रात्रभराची हमाली दिली. त्यावर त्याच्या आजोबांचे फोटो होते. ते परत आले नाहीत. आरोग्य तपासायला मला दोन मिनिटं लागली असती.

म्हणून आधी कामाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढा. मग क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (नीट वाचता न येणाऱ्या जागा) शून्याच्या वर असेल किंवा ‘रीअलोकेटेड सेक्टर’ (खराब झाल्याने राखीव जागी हलवलेले भाग) वाढत चालले असतील, तर डीफ्रॅगला हात लावू नका. ती डिस्क बदलायची.

तिथेच ‘सीआरसी एरर’ नावाचा, डिस्क आणि संगणकाच्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजणारा आकडा असतो, आणि आपल्या किनाऱ्यावर मी तो आवर्जून बघतो. तो वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा किंवा जोडणीचा असतो. खाऱ्या, दमट हवेत धातूचे संपर्क काळवंडतात. केबल काढून पुन्हा घट्ट बसवा, नाहीतर नवी घाला. जुना आकडा पुसला जाणार नाही. तो पुढे सरकायचा थांबला की समजायचं, जमलं.

डिस्क निरोगी निघाली तर पुढचं सोपं आहे. नको त्या फाइली काढा, विंडोजमधलं चुका तपासणारं चेकडिस्क चालवा, मग विंडोजमधलंच ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’ लावा आणि संपेपर्यंत गेम उघडू नका. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे यूपीएसवर असाल तरच सुरू करा.

एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी नव्या पद्धतीची डिस्क, असेल तर डीफ्रॅग करायचंच नाही. तिथे फिरणारी तबकडी नाही आणि सरकणारं हेडही नाही. तुकडे जुळवून फारसं काही हाती लागत नाही, उलट लिहिण्याची मर्यादित ताकद खर्च होते. विंडोजचं तेच ऑप्टिमाइझ एसएसडी ओळखून तिला ट्रिमचा हुकूम देतं, म्हणजे कुठली जागा आता रिकामी आहे ते कळवतं, तेवढं पुरतं. पैसे घालायचेच असतील तर ते तिथे घाला. गेम एसएसडीवर हलवा आणि जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटोंच्या दुसऱ्या प्रतीसाठी ठेवा.