खोडदची शांतता

(पहाट. शेतांपलीकडे हळूहळू वळणारी डिश.)

नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षांच्या मांडवांमागून ही अशी वर येते. 45 मीटर व्यास. अशा 30 डिश आहेत. 14 इथे जवळजवळ, बाकीच्या 16 तीन दिशांना पार 25 किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण.

(फाटक. फोन बंद करणारे हात.)

इथे फोन सायलेंटवर ठेवून चालत नाही. पूर्ण बंद करायचा.

‘संवेदनशील’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! चटकन डोळे भरून येणारा माणूस संवेदनशील. निवडणुकीत जिथे जास्तीचा बंदोबस्त लागतो, ते केंद्रही संवेदनशील. इथल्या शास्त्रज्ञांसाठी या शब्दाचा अर्थ नेमका आहे: गोंगाटातून ओळखता येईल असा सर्वांत क्षीण संकेत कोणता? नुसता आवाज वाढवून भागत नाही, कारण त्याबरोबर गोंगाटही वाढतो. भरल्या एसटी स्टँडवर कानाशी कुजबुजलेलं ऐकू येत नाही. तेच पहाटे, रिकाम्या स्टँडवर, पलीकडच्या बाकावरूनही कळतं.

(जाळीवर कॅमेरा. तारांमधून दिसणारं आकाश.)

आता ही जाळी जवळून पाहा. डिशचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, स्टेनलेस स्टीलच्या तारेचा आहे. तारेची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. भोकं एक ते दोन सेंटिमीटरची. इथे टिपल्या जाणाऱ्या लहरींची लांबी 21 सेंटिमीटर आणि त्याहून जास्त. एवढ्या लांब लहरीला ही भोकं जाणवतच नाहीत, ती जाळीवरून परावर्तित होते. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्चही आवाक्यात आला. ताणलेल्या दोरांवर जाळी बसवायची ही कल्पना रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. आपल्या मातीत, आपल्या ऐपतीत एवढं मोठं यंत्र उभं करणारी ही माणसं. त्यांच्याबद्दल बोलावं तेवढं थोडंच.

(नियंत्रण कक्ष. पडदे.)

प्रत्येक डिशचा संकेत ऑप्टिकल फायबरमधून इथे येतो. प्रत्येक डिशच्या यंत्रणेत स्वतःची खरखर असते, पण एकीची खरखर दुसरीसारखी नसते. आकाशातून आलेलं मात्र सगळ्यांत सारखं असतं. म्हणून दोन-दोन डिशची जोडी लावून ताडून पाहतात. जे सारखं निघेल ते जपायचं, उरलेलं गाळायचं. आणि वाट पाहायची. निम्म्या ताकदीचा संकेत हवा असेल, तर चौपट वेळ.

(विजेचे खांब. रस्ता. मोटारसायकल.)

भोवतालच्या डोंगरांनी पुण्या-मुंबईचा रेडिओ गोंगाट बराचसा अडवला, म्हणून ही जागा निवडली. पण विजेच्या तारेचा एखादा जोड सैल झाला आणि ठिणग्या पडू लागल्या, तरी इथे ते ‘ऐकू’ येतं. पुणे–नाशिक जलद रेल्वेचा आखलेला मार्गही याच कारणाने अडला. रेल्वे हवीच. पण दुर्बिणीच्या अंगावरून नको.

(पडद्यावर बारीक, वाकडी रेघ.)

ही रेघ 19 ऑक्टोबर 2016ची. युरोपचं स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरत होतं. त्याच्या छोट्याशा प्रक्षेपकाची ताकद जेमतेम काही वॉट. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. मुळात हा संकेत मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी होता, तरी खोडदला तो स्पष्ट दिसत होता. ही रेघ म्हणजे त्या संकेताची वारंवारता. यानाचा वेग बदलतो तशी ती सरकते. इथे यान मंगळाच्या वातावरणात शिरलंय.

आणि इथे, जमिनीला टेकायच्या थोडं आधी, रेघ थांबते.

(निवेदन बंद. डिश वळत राहते.)