सवयीचा सौदा

(दृश्य: कोल्हापूर, शाहू मार्केट यार्ड. गुळाचे रवे ओळीनं मांडलेले, सौदा सुरू.)

गुळाचा सौदा बघायचा असेल, तर बोलीपेक्षा व्यापाऱ्याच्या नजरेकडं लक्ष ठेवा. गूळ चाखायच्या आधी त्यानं रंग पाहिलेला असतो. रवा पिवळाधमक असेल तर भाव चढतो. काळपट असेल, तर अडत्यानं “पूड न घालता काढलाय हो” म्हणून कितीही सांगावं, भाव काही हलत नाही. कोल्हापूरचा बराचसा गूळ गुजरातला जातो आणि तिथल्या गिऱ्हाइकाला तो फिकट पिवळाच लागतो.

(दृश्य: गुऱ्हाळघर. चुलवाण, काहील, वाफ.)

म्हणून काहिलीत भेंडीच्या रसाबरोबर हायड्रॉसची, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाची, पूडही पडत आली. ती जास्त पडली तर खाणाऱ्याच्या तब्येतीला बरी नव्हे, हे गुळव्याला ठाऊक आहे, गुऱ्हाळमालकाला ठाऊक आहे, व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे. घरी खायला म्हणून बाजूला काढलेला गूळ बिनपुडीचा असतो, यातच सगळं आलं. माहिती सगळ्यांकडं आहे. पण वागणं बदललं तर तोटा एकट्या शेतकऱ्याचा, आणि तो का सोसायचा याचं उत्तर त्याला कुणी दिलेलं नाही.

सार्वजनिक आरोग्याकडं याच नजरेनं बघणारी एक विद्याशाखा आहे. तिचं नाव सामाजिक विपणन, म्हणजेच सोशल मार्केटिंग. मोबाइलवरच्या जाहिरातींशी तिचा संबंध जेमतेम. ती जन्मली तेव्हा मोबाइल कुणी पाहिलाही नव्हता.

अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. डी. वीबे या अभ्यासकानं विचारलं होतं, साबण विकता येतो तसा बंधुभाव का विकता येऊ नये? १९७१ मध्ये फिलिप कोटलर आणि जेराल्ड झाल्टमन यांनी ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मध्ये या विचाराला शास्त्राची चौकट दिली. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी ही बाजाराची चार अंगं समाजहिताच्या कामालाही लावता येतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या मुळाशी देवघेव आहे. माणूस जुनी सवय सोडतो ती बदल्यात काहीतरी मिळालं तर.

आपल्याकडं मात्र चारातलं शेवटचं अंग तेवढं उचललं गेलं. आरोग्य शिक्षण म्हटलं की भिंत रंगवायची, फलक लावायचा, शाळेच्या पोरांची प्रभातफेरी काढायची. फोटो निघतात, अहवाल जातो.

(दृश्य: करवीर तालुक्यातलं एक गाव. पहाट. परसदारी तवा तापतोय.)

कागल ओलांडलं की निपाणी, तंबाखूचा मुलूख. तिथली तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची. झाली मशेरी. कुणी मिसरी म्हणतं. सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची आणि गप्प बसायचं. ‘तंबाखूचं व्यसन आहे का’ असं विचारलं, तर बाई ठाम नाही म्हणते. “तंबाखू न्हाई खात, मशेरी तेवढी लावते.” तिच्या लेखी ते दात घासणं आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. तंबाखूविरोधी चित्र काढायला बसलेला पोरगा मात्र अजून सिगारेटच काढतो. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्यात बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये मशेरीवाल्याच जास्त होत्या, आणि अशा बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी जन्मली.

हा आकडा डॉक्टरला पुरेसा आहे. विपणनाचा अभ्यासक तिथं थांबत नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, मशेरी या बाईला देते काय?

उत्तरं गावात मिळतात. पोट साफ होतं. दाताची कळ थांबल्यासारखी वाटते. भूक मरते, आणि उसाच्या भांगलणीला जायचं असेल तर तीही सोयच. शिवाय दारात बसून मशेरी लावते आहे तोवर तिला कुणी हाक मारत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या धबडग्यात हक्काची म्हणावी अशी तेवढीच पाच-दहा मिनिटं. किंमत जवळपास शून्य, माल घरातच, गुण लगेच. असला प्रतिस्पर्धी समोर असताना आपण देतो काय, तर वीस वर्षांनी कदाचित होणाऱ्या कॅन्सरची भीती. टूथपेस्ट दिली तरी पोटाचा प्रश्न उरतो, आणि त्या पाच मिनिटांचाही.

(दृश्य: नळावर हात धुणारी मुलं.)

भीतीला आणि उपदेशाला बाजूला ठेवून पाहिलं तर काय होतं? आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात चौदा गावांत हे तपासलं गेलं. ‘सुपरअम्मा’ हे त्या मोहिमेचं नाव. तिच्यात जंतूंवर, रोगांवर भर नव्हता. मुलाला चांगलं वळण लावणारी एक आई होती आणि हात न धुता लाडू वळणारा एक किळसवाणा इसम होता. माया आणि किळस, एवढंच भांडवल. अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’नं छापला. सुरुवातीला साबणानं हात धुण्याचं प्रमाण मोहिमेच्या आणि मोहीम नसलेल्या अशा दोन्ही गावांत एक-दोन टक्के होतं. सहा महिन्यांनी मोहिमेच्या गावांत ते ३७ टक्के झालं, बाकीच्या गावांत ६ टक्के. हे आकडे लोकांना विचारून मिळवलेले नव्हते, हे महत्त्वाचं. निरीक्षक घरांत बसून बघत होते. विचारलं की सगळेच हात धुतात!

तरी भारावून जायचं कारण नाही. सदतीस धुतात म्हणजे त्रेसष्ट धुवत नाहीत, आणि वर्ष सरता सरता प्रमाण २९ टक्क्यांवर आलं होतं.

(दृश्य: किराणा दुकान. साबण, चहापुडे, बॅटरी सेल.)

किमतीचा वाद तर या क्षेत्रात अजून मिटलेला नाही. १९६८ मध्ये भारत सरकारनं निरोध हा कंडोम बाजारात आणला, पंधरा पैशाला तीन. मूळ योजनेत कलकत्त्याच्या आयआयएमचा हात होता. तो खेड्यापाड्यांत पोचवला साबण, चहा, सिगारेट आणि बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांनी, कारण त्यांची माणसं तशीही प्रत्येक दुकानात जातच होती. फुकटाला किंमत नसते, चार पैसे मोजले तर माणूस वस्तू वापरतो, हा त्यामागचा एक विचार. पटण्यासारखाही आहे. आपल्याकडं कुणीही हेच म्हणेल.

पण २०१० मध्ये जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्यूपा यांनी केनियातला प्रयोग मांडला. गरोदर बायकांना मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाण्या, कुठं फुकट, कुठं थोड्या पैशाला. अर्ध्या डॉलरच्या आसपास किंमत लावताच घेणाऱ्यांचं प्रमाण शंभरामागं साठांनी कोसळलं. आणि ज्यांनी पैसे मोजले, त्यांनी मच्छरदाणी जास्त वापरली असंही दिसलं नाही. त्याच वर्षी राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्याचा अभ्यास आला. नुसती नियमित लसीकरण शिबिरं भरवली तिथं पूर्ण लसीकरण १८ टक्के, आणि प्रत्येक खेपेला किलोभर डाळ व शेवटी ताटांचा संच दिला तिथं ३९ टक्के. काहीच न केलेल्या गावांत ते ६ टक्के होतं. डाळीला लाच म्हणणारे म्हणोत. पोराला घेऊन शिबिरात यायचं तर आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, ती कुणीतरी मोजली एवढंच.

(दृश्य: इचलकरंजी. पंचगंगेचा काठ, पाण्याचे टँकर.)

आणि काही ठिकाणी हे सगळं शास्त्र गुंडाळून ठेवावं लागतं. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. अशा वेळी ‘पाणी उकळून प्या’ हे सांगायलाच हवं. पण नदीत सांडपाणी सोडायचं आणि मग उकळायचं काम घराघरातल्या बाईच्या गॅसवर ढकलायचं, याला विपणन म्हणत नाहीत. या शाखेवरची सर्वांत रास्त टीका तीच आहे: व्यक्तीची सवय बदलण्याच्या नादात पालिकेची, कारखान्याची, सरकारची सवय तशीच राहते.

(दृश्य: आठवडी बाजार. सुटी तंबाखू तागडीत.)

मशेरीकडं परत येऊ. एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटावरची ८५ टक्के जागा इशाऱ्यानं व्यापली. सप्टेंबर २०१८ पासून व्यसन सोडवायला मदत करणारा फोन नंबरही त्यावर आला. हे चांगले निर्णय आहेत. पण आठवडी बाजारातून सुटी तंबाखू कागदात बांधून आणणाऱ्या बाईपर्यंत ना ते चित्र पोचतं, ना तो नंबर. तिच्या घरी आधीपासून जाणारं माणूस म्हणजे आशाताई. गरोदरपणाची नोंद, लसीची तारीख, बाळाचं वजन, सगळं त्यांच्याच वहीत. त्या वहीत मशेरीसाठी एक रकाना वाढवणं सोपं आहे. आधीच भरलेल्या त्यांच्या दिवसात तिच्याशी बोलण्यासाठी वेळ कुठून काढायचा आणि त्याचे पैसे कोण देणार, हे ठरवणं अवघड. आणि बोलायला बसल्यावर सुरुवात “सोडा हो मशेरी” इथून करून भागणार नाही. “एक दिवस लावली न्हाई तर काय हुतं, वैनी?” इथून करावी लागेल, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्यावं लागेल.