ऑक्सबर्गच्या विटा

मंडळी, विलायतेतल्या जुन्या सरदाराचं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दगडी गढी उभी राहते. आज मी ज्या घराबद्दल बोलणार आहे ते नखशिखांत विटांचं आहे. इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोक परगण्यात, ऑक्सबर्ग हॉल. राजा चौथा एडवर्ड याने १४८२ साली एडमंड बेडिंगफील्ड यांना तट-बुरूज उभारायचा परवाना दिला, आणि हे घर उभं राहिलं.

वीटच का? त्या मुलखात बांधकामाचा चांगला दगड नाही. गारगोट्या मिळतात, पण त्यांना नीट कोपरा काढता येत नाही. माती मात्र उदंड. शिवाय समुद्रापलीकडच्या फ्लँडर्समध्ये, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूला, विटांचं काम कधीचंच मुरलेलं होतं आणि येणंजाणं चालू होतं. पण वीट वापरली म्हणजे काटकसर केली, असं समजू नका. त्या काळच्या इंग्लंडमध्ये विटांचं घर ही मिरवायची गोष्ट होती.

माती हिवाळ्याच्या आधी, शरद ऋतूत खणून हिवाळाभर उघड्यावर टाकायची. थंडीच्या कडाक्याने ढेकळं आपोआप फुटायची. मग ती तुडवायची, लाकडी साच्यात थापायची, सुकवायची आणि उन्हाळ्यात भट्टी लावायची. आगीच्या अगदी जवळच्या विटा जास्त भाजून काळ्या-निळ्या, काचेसारख्या व्हायच्या. आपल्याकडे जास्त भाजलेल्या विटेला खंगर म्हणतात आणि भट्टीवाला ती बाजूला काढतो. इंग्लिश गवंड्यांनी त्याच काळ्या विटा निवडून तांबड्या भिंतीत बसवल्या आणि शंकरपाळ्यांची नक्षी काढली. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्याच्या भिंतींवर ती आजही दिसते. मला हे फार मोलाचं वाटतं: रंग नाही, गिलावा नाही, भट्टीनेच दिलेला दागिना.

आता ऑक्सबर्गच्या दरवाजासमोर या. भोवती खंदक आहे, आणि भिंती थेट पाण्यातून वर येतात. दरवाजाच्या दोन्ही अंगांना सुमारे ८० फूट उंच बुरूज. दुरून किल्लाच. पण कमानीच्या वर नजर टाका. तिथे चांगल्या रुंद, उजेडाच्या खिडक्या आहेत. लढायचं असतं तर ऐन वेशीवर एवढी काच कोण लावेल? हा किल्ला पाहुण्यांसाठी आहे. राजा सातवा हेन्री १४८७ साली इथे येऊन गेला.

खरं कसब मात्र आतल्या गोल जिन्यात आहे. जिना विटांचा आणि डोक्यावरची कमानही विटांचीच, वर चढता चढता पिळत जाणारी. हात धरायचा कठडासुद्धा वेगळ्या घडवलेल्या विटांचा, भिंतीतच खोबण करून बसवलेला. पिळाबरोबर प्रत्येक वीट किंचित वळवावी लागते, वर चढवावीही लागते. ते काम करणाऱ्याचं नाव कुठे कोरलेलं नाही, पण त्याचा हात तिथे आहे.

१९५१ साली हे घर विकलं गेलं आणि पाडलं जायच्या बेतात होतं. बेडिंगफील्ड घराण्यातल्या तिघी बायकांनी स्वतःची राहती घरं विकून ते परत घेतलं आणि १९५२ साली नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या हवाली केलं.

पुढे २०१६ मध्ये छपरातली एक खिडकी अंगणात कोसळली. तपासणीत छप्पर कमकुवत झाल्याचं कळलं आणि मोठी दुरुस्ती निघाली. त्या कामात माळ्याच्या फळ्या उचलल्या, तर खाली उंदरांची घरटी, आणि त्यांत ट्यूडर राजांच्या काळातल्या (१४८५ ते १६०३) कापडाच्या चिंध्या! एका कामगाराला वळचणीच्या ढिगाऱ्यात चर्मपत्राचा तुकडा दिसला. पंधराव्या शतकातल्या हस्तलिखित प्रार्थनापोथीचं पान. सोनेरी आणि निळी अक्षरं अजून लखलखीत. फळ्यांखाली चुन्याच्या गिलाव्याचा जाड थर साचला होता. तो ओल शोषत राहिला, म्हणून तिथल्या वस्तू कोरड्या राहिल्या.